टेलच्या सुप्रियाची धडधड

सुप्रियाच्या मनगटाला घड्याळ आलं आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं. हे तिच्या नवऱ्याला, ज्ञानेशला सांगितलं असतं, तर तो गालातल्या गालात हसला असता. त्याला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

घड्याळ दिलं तिच्या भावानं, ऋषिराजनं. वडील वावरातच छातीवर हात ठेवून गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. भाऊबीजेला साडीऐवजी त्यानं हे बांधलं आणि म्हणाला, "ताई, ठोके वाढले की हे सांगतंय. जीवाला जप." त्याचा जीव होता बहिणीवर, त्याला दोष देता येत नाही. पण त्या दिवसापासून सुप्रियाचं काही धड राहिलं नाही. भाकरी थापताना घड्याळ बघ, धार काढताना बघ, जिना चढली की बघ. आकडा वाढला की ती घाबरायची आणि ती घाबरली की आकडा आणखी वाढायचा. शेवटी बारामतीला जाऊन ईसीजी झाला, टू-डी एको झाला. डॉक्टर म्हणाले, काळीज ठणठणीत आहे, घड्याळ तेवढं काढून ठेवा. तिनं मान डोलावली आणि बाहेर येऊन पहिल्यांदा घड्याळच बघितलं.

सगळ्यात जास्त आकडा रागानं वाढतो, हे तिला लवकरच कळलं. म्हणून तिनं राग सोडला. आणि हेच तिला फार महागात पडलं.

कारण सुप्रियाचं डाळिंब होतं इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. लोक त्याला टेल म्हणतात. वरचे ऊसवाले आपलं रान भिजलं तरी चारीचं, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या पाटाचं, गेट उघडून पाणी खाली सोडत नसत. पूर्वी सुप्रिया पदर खोचून गेटवर जायची आणि असा तोंडाचा पट्टा सोडायची की बापई माणसं निमूट पाणी सोडायची. यंदा तिनं तोंड उघडलंच नाही. पाण्याची दोन आवर्तनं आली आणि वरच्या वर जिरली. बागेची फुलं गळाली, पानं वळायला लागली. ही बाई ओट्यावर बसून दीर्घ श्वास घेत राहिली, कारण घड्याळ तसं सांगत होतं!

मग पाणीवापर संस्थेची सभा आली. जमीन सुप्रियाच्या नावावर, म्हणून सभासदही तीच. पण इकडची रीत अशी की नाव बाईचं आणि सभेला गडी. यंदा नव्या सचिवानं हट्ट धरला की सभासदानं स्वतः यायचं. म्हणून ती गेली आणि सतरंजीवर बनाबाईशेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली; सोबत आलेला ज्ञानेश तिच्या मागंच टेकला. बनाबाईचं वावर तिच्या बांधाला लागून होतं आणि तेही कोरडंच होतं.

अध्यक्ष होते दादासो, नात्यानं सुप्रियाचे चुलत सासरे; ती त्यांना आबा म्हणायची. त्यांच्यासमोर भावकीतल्या कुठल्याच सुनेनं कधी आवाज काढला नव्हता. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "मागच्या दोन्ही आवर्तनांत टेलपर्यंत पाणी पोचलं. तक्रार एकबी न्हाय. उन्हाळ्यातबी आसंच, वरून खाली पाणी सोडायचं. मंजूर?"

"मंजूर!" पुढच्या रांगेतले ऊसवाले म्हणाले.

सुप्रियानं सवयीनं मनगट बघितलं. एकशे अठरा. ती मांडी घालून बसली होती, तोंडातून शब्द काढला नव्हता, राग गिळून बसली होती आणि तरी एकशे अठरा! तिला स्वतःचीच चीड आली. बोललं तरी वाढणार, गप्प बसलं तरी वाढणार, मग बाग कशापायी वाळवली आपण?

ती उठून उभी राहिली.

"आबा, हे खोटं हाय."

ज्ञानेशनं मागून हळूच म्हटलं, "अगं, बस खाली. घड्याळ बघ जरा."

"सूनबाई," दादासो मायेनं म्हणाले, "तुझी तब्येत बरी न्हाय म्हणं. उगं तरास करून घेऊ नगं." कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"माझं काळीज धडधडतंय, ते खरं हाय," सुप्रिया म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तिनं तो कापू दिला. "तुमच्यासमोर बोलतीय, धडधडणारच की! पण तुमी मला एक सांगा. टेलला पाणी आलं, ते कुणी बघितलं? कुणाचं रान भिजलं? बनाक्का, तुमचं भिजलं का?"

बनाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "थेंब न्हाय आला."

मागे आणखी दोघं टेलवाले उठले. दादासोंनी चष्मा काढला, पुसला. "बरं बरं, इचार करू."

"इचार न्हाय, आबा. ठराव करा. उन्हाळ्यात आधी टेल भिजंल, मग वर पाणी. आत्ता लिवा. लिवल्याबिगर मी खाली बसायची न्हाय."

मनगटावर घड्याळ थरथरून इशारा देत होतं, पण ती तिकडं बघत नव्हती. उभे राहिलेले टेलवाले बसेनात. दादासोंनी एकदा ऊसवाल्यांकडं बघितलं, एकदा सुनेकडं आणि नाइलाजानं सचिवाला खूण केली. सचिवानं ठराव लिहिला, मोठ्यानं वाचला, हात मोजले; दादासोंनीच हात वर केल्यावर तो मंजूर झाला.

"झालं ना मनासारखं?" दादासो म्हणाले. "आता बस."

ज्ञानेशनंही तिच्या पदराला हिसका दिला. "बस की! किती झालं बघ!"

सुप्रियानं घड्याळ सोडलं आणि त्याच्या हातात दिलं.

"तुमीच बघत बसा. मला आजून मागच्या दोन आवर्तनांचं बोलायचंय."