निवड चाचणी

बोरीची पंकजा राज्याच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, होती. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक लीगचे लोक गावात येणार असं कळलं, तेव्हा तिला वाटलं, आता आपली निवड होणार. तिचे वडील मुंजाजी ऊसतोड अर्धी टाकून, मुकादमाच्या शिव्या खाऊन परत आले.

लोक आले ते कॅमेरे घेऊन. सोयाबीन काढलेल्या रानात त्यांनी तिला बूट काढायला लावले आणि हातात एक जुनाट, विरलेला ग्लोव्ह दिला. पायाला धसकटं टोचत होती.

"तिकडं आता खेळाचा नुसता धंदा झालाय," परभणीहून आलेल्या दुभाष्यानं समजावलं. "तिथल्या लोकांना पूर्वी शेतात खेळायचे तो जुना खेळ आठवतो. तोच दाखवून तिकिटं विकायची हायत. तू हळू टाक अन् हस."

"मग माझा वेग कोण मोजणार?"

"कोणीच न्हाई, बाई. ही जाहिरात हाय."

पंकजानं जीव खाऊन चेंडू फेकला. मग दुसरा. कॅमेरावाला हातानं 'हळू' म्हणून खुणावत होता. कुणीतरी बघेल, विचारेल, म्हणून ती फेकतच राहिली. शेवटी खांद्यात कळ आली आणि हात वर उचलेना.

"बस कर, माय," मुंजाजी म्हणाले.

"आबा, तेंना सांगा ना, मला खरंच खेळता येतंय."

मुंजाजींनी दुभाष्याकडं पाहिलं. तेवढ्यात लीगच्या साहेबानं बघायला जमलेल्या गर्दीतल्या दुसऱ्या पोरीला बोलावलं. तिला चेंडू धरताही येत नव्हता, पण ती छान हसली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.