वाळत घातलेली अळंबी

सुपारी उन्हात चाळीस दिवस ठेवावी लागते. घाई केली तर फोडल्यावर आतून ओली निघते आणि फोडणाऱ्याची अब्रू जाते.

रविवारी आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या पहिल्या बोटीत एक मुलगी असेल.

धर्मा उंदीर खातो आहे.

प्लॅस्टर ओलं होऊ द्यायचं नाही.

ठेंगू माणसाला दारू मिळाली नाही तर तो काम सोडत नाही. फक्त हळू करतो, आणि सगळ्यांना सांगत फिरतो.

"बुरशीला बुरशी धरत न्हाय काय?"

*

मितेश पेणहून टेम्पो घेऊन श्रीवर्धनला आला होता, येसूआत्याच्या वाडीतली सुपारी न्यायला. वाडीत पाण्याच्या पाटाच्या कडेला शेवाळावरून पाय सरकला. डावा पाय मोडला, दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे हलायचं नाही. आत्या म्हणाली, मग इथेच राहा, तुझी आई तुला उचलणार हाय काय. तेव्हापासून तो आत्याच्या पडवीत कॉटवर होता, आणि पडवीत येणारं प्रत्येक माणूस त्याच्या प्लॅस्टरवर काही ना काही ठेवत होतं. आत्या चष्मा ठेवायची. आत्याचा नवरा गुणाजी वर्तमानपत्र ठेवायचा.

सोमवारी किशोरी आली. ही मुरुडची. तिचे वडील धर्मा मासळी सुकवून विकतात. दोन वर्षं ती मासळी मितेशच्या टेम्पोतून जात होती. त्यातून ओळख झाली, ओळखीचं पुढे बरंच काही झालं, आणि टेम्पोचा वास गेला नाही.

किशोरीने प्लॅस्टरवर लॅपटॉप ठेवला.

"शनिवारपर्यंत माझी पनवेलला नर्सिंगची परीक्षा हाय. हा माझ्याजवळ राहिला तर मी नापास. तू सांभाळ."

"सांभाळायचं म्हणजे?"

"ह्यातल्या खेळात सतरा ठेंगू हायत. डोंगराच्या पोटात वस्ती केलीय त्यांनी. चार वर्षं मी चालवतेय. तू एक वर्ष चालव. खेळातलं वर्ष, रोज तीन-चार तास बसलास तर होतं. रविवारी येईन तेव्हा सतराच्या सतरा जिवंत दिसले पाहिजेत. मग बाबांशी बोलू आपलं."

"आणि सोळा असले तर?"

झाकणाला एक कागद चिकटवला होता, किशोरीने त्यावर बोट ठेवलं आणि एसटी पकडायला गेली.

*

कागद:

अळंबी पेरायची. ती जमिनीखालीच होते, बाराही महिने.
काढली की कोठारात. निम्मी आधी गाळायची. दारू निघते आणि चोथ्यातून बी मिळतं.
उरलेली खायची. खाल्ली की तिचं बी गेलं, लक्षात ठेव.
खेळ दर ऋतूला आपोआप जुनं पुसतो. मागे जाता येत नाही.
बाकी शहाणपणा करू नको.

*

मंगळवारी मितेशला तीन गोष्टी कळल्या.

एक, किशोरीने ठेंगूंना ओळखीच्यांची नावं दिली होती. आचारी म्हणजे तिची मैत्रीण पूनम. लाल दाढीचा, सतत तक्रार करणारा, तो धर्मा.

"बापाचं नाव दिलं?" आत्याने विचारलं. ती कॉटशेजारी पाटावर बसून सुपारी सोलत होती आणि आपण बघत नाही असं दाखवत होती.

"हो."

"आणि तू कुठला?"

दुसरी गोष्ट ही. मितेश नावाचा ठेंगू होता. त्याच्या पुढे व्यवसाय लिहिला होता: हमाल.

"बरोबर हाय," आत्या म्हणाली.

तिसरी गोष्ट त्याला कळायला आत्याला सांगावी लागली. "ती परीक्षा द्यायला गेली न्हाय रे. घ्यायला गेलीय."

*

खेळ सांगतो: वसंत आला. अळंबी पेरली.
खेळ सांगतो: धर्माला आज बसायला खुर्ची मिळाली नाही. तो नाराज आहे.
खेळ सांगतो: अळंबी तयार आहे.

बुधवारी दुपारी पीक निघालं. एकशेचाळीस अळंबी, जांभळ्या टोपीच्या, वांग्याएवढ्या. सतरा ठेंगू डोक्यावर घेऊन कोठारात नेऊ लागले. आत्याचे हात थांबले.

"कुठं नेतायत ती?"

"कोठारात. खाली."

"तळघरात? ओला माल?"

"आत्या, तसंच असतं."

"कोणाकडं असतं? ओला माल कोंदट जागी टाकलास तर आठ दिवसांत बुरशी धरेल."

"आत्या, ती अळंबी आहे. ती बुरशीच आहे."

"मंग बुरशीला बुरशी धरत न्हाय काय?"

ह्याचं खरंच काय होत असेल, असा मितेशला प्रश्न पडला. आणि समोर अंगणभर सुपारी पसरलेली होती, केशरी, रांगेने, अठ्ठाविसाव्या दिवसाची. दर दोन तासांनी आत्या उठून ती पायाने फिरवायची. ह्या अंगणात काही वाळलं नाही असं त्याच्या जन्मात झालं नव्हतं. सुपारी, वाल, आमसुलं, पापड, एकदा गुणाजीचा मोबाइल.

"त्यांच्याकडं अंगण हाय?" आत्याने विचारलं.

"डोंगराच्या माथ्यावर मोकळी जागा आहे."

"ऊन येतं?"

"येतं वाटतं."

"मंग बघतोस काय."

त्याने माथ्यावर चौकोन आखला. खेळात तसं आखता येतं, इथे माल ठेवा म्हणून. कोठाराकडे निघालेले ठेंगू वळले आणि जिना चढू लागले.

"थांब," आत्या म्हणाली. "आदी बी."

"काय?"

"बियाणं आदी बाजूला काढायचं. मंग वाळवायचं. मंग खायचं. हे पण शिकवायचं काय तुला?" तिने मान वळवून स्वयंपाकघराकडे दाखवलं. तिथे चुलीवरच्या फळीवर राखेत घातलेल्या वालाचं गाडगं होतं. त्या गाडग्याला हात लावला म्हणून गुणाजीशी ती एकदा दोन दिवस बोलली नव्हती, आणि गुणाजी फक्त मीठ शोधत होता.

मितेशने वीस अळंबी खाली ठेवल्या आणि त्यांच्यावर हुकूम लावला: कोणीही हात लावू नये. उरलेल्या एकशेवीस वर गेल्या. हमाल मितेशने एकट्याने एकतीस फेऱ्या केल्या.

"काम करतो हां," आत्या म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरा हाय."

*

खेळ सांगतो: पूनम ओकते आहे.
खेळ सांगतो: धर्मा ओकतो आहे.
खेळ सांगतो: मितेश ओकतो आहे.

"काय खाल्लं यांनी?"

"खाल्लं नाही. चार वर्षं उजेड बघितला नव्हता. ऊन सोसत नाही त्यांना."

"होईल सवय," आत्या म्हणाली. "सुपारी फिरवायला सांग त्यांना."

"अळंबी."

"तीच."

फिरवण्याचा हुकूम खेळात नव्हता. मितेशने बराच वेळ शोधला. आत्याला हे पटलं नाही. एवढं दाढी-बिढीसकट माणूस बनवलं आणि माल फिरवायचं विसरले.

*

गुरुवारी सकाळी आत्या चहा घेऊन आली तेव्हा मितेश पडद्याकडे बघत होता आणि पडद्यावर माथ्याचं अंगण काळं दिसत होतं.

खेळ सांगतो: अळंबी कुजली. (१२०)

आत्याने चष्मा लावला. कंसातला आकडा वाचला. चष्मा काढून प्लॅस्टरवर ठेवला.

"वारा न्हाय तुमच्या डोंगराला," ती म्हणाली.

"आत्या."

"वारा असता तर वाळली असती."

"आत्या, सगळं पीक गेलं. दारू गाळली नाही, म्हणून बी पण नाही. मागे जाता येत नाही. मागच्या सालची थोडी शिल्लक आहे, ती पंधरा दिवस पुरेल. खेळातले पंधरा दिवस. म्हणजे आपलं जेवण होईपर्यंत."

आत्याने सुपारीचं सूप बाजूला सारलं, पाट ओढला आणि पडद्यासमोर बसली. आपण बघत नाही असं दाखवणं तिने त्या वेळी सोडलं, ते कायमचं.

"वीस हायत न्हाय खाली?"

"आहेत."

"गाळ. वीसच्या वीस."

"दारूने पोट भरत नाही. सतरा माणसं आहेत. प्रत्येकाला एक एक दिली तर आज तरी..."

"आणि उद्या? खाल्ली की बी गेलं. कागदावर लिवलंय तिने. मला वाचता येतं."

वीस अळंबी गाळल्या. बी निघालं, पेरलं. मागच्या सालचं संपलं. आता पीक येईपर्यंत खायला काही नव्हतं आणि प्यायला भरपूर होतं. वस्तीत विचित्र वातावरण झालं. ठेंगू उपाशीपोटी गाणी म्हणू लागले.

*

खेळ सांगतो: पूनम भुकेली आहे.
खेळ सांगतो: मितेश भुकेला आहे. तो तरीही दगड वाहतो आहे.
खेळ सांगतो: धर्मा भुकेने व्याकूळ आहे.

"आत्या, पेरलेलं थोडं उकरून काढता येतं. चार-पाच बी. ते खातात."

"बियाण्याला हात लावायचा न्हाय."

"सासरा मरतोय माझा."

"अजून झाला न्हाय तो सासरा."

"आणि मेला तर होणारही नाही. तिने सतरा सांगितलेत."

"मितेश, ऐक. पेरलेलं उकरलंस तर आज एक वाचेल आणि परवा सतरा जातील. कळ काढ."

"मी काढतोय. तो काढेल का?"

दारात गुणाजी येऊन उभा राहिला. दीड वाजला होता. त्याने स्वयंपाकघरात बघितलं, चूल थंड होती. पडवीत बघितलं, बायको आणि भाचा एका लाल दाढीच्या माणसाकडे बघत होते.

"जेवायला काय हाय?"

"अवो थांबा जरा," आत्या मान न वळवता म्हणाली. "हितं माणसं उपाशी मरतायत."

गुणाजी भुकेला आहे. गुणाजीने चहाबरोबर कालचा पाव खाल्ला. गुणाजी नाराज आहे.

*

खेळ सांगतो: धर्माने उंदीर पकडला.

दोघं पुढे वाकली.

खेळ सांगतो: धर्मा उंदीर खातो आहे.

"कच्चा?" आत्याने विचारलं.

"कच्चा."

"अरे देवा," आत्या म्हणाली, आणि मग, "पण खा बाबा. खा."

धर्माने त्या दिवशी दुसराही उंदीर पकडला. शुक्रवारी सकाळी पूनमने एक पकडला. हमाल मितेशला मिळाला नाही. तो भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या नावापुढचा रंग पिवळ्याचा लाल झाला होता. आत्याने पडद्यावर बोट ठेवलं, त्याच्या डोक्यावर.

"ह्याला काय झालं?"

"आता जाईल तो."

"उठव त्याला."

"उठवता येत नाही."

आत्या उठली. अंगणात जाऊन सुपारी फिरवून आली. अर्धीच फिरवली, उरलेल्या अर्ध्या सुपाऱ्या त्या दिवशी एकाच कुशीवर राहिल्या. आली तेव्हा मितेश पाठ ताठ करून बसला होता.

खेळ सांगतो: अळंबी तयार आहे.

पहिली अळंबी कोणी उचलली ते दोघांनीही नीट बघितलं. आचारी पूनमने. तिने ती भिंतीशी बसलेल्या हमालापर्यंत नेली. असं का केलं ते खेळाने सांगितलं नाही.

"गुणाची पोर हाय," आत्या म्हणाली. मग लगेच, "बाकीच्यातली निम्मी गाळ आदी. आणि खाली ठेव. तळघरात. कोंदट असलं तरी."

*

रविवारी किशोरी आली. दिघीहून एसटी चुकली म्हणून रिक्षाने आली, सुकटीची पिशवी आत्याच्या हातात दिली आणि बसायच्या आधी लॅपटॉप उघडला. आत्या सुपारी सोलू लागली. एका सुपारीला तिला फार वेळ लागत होता.

किशोरीने मोजले. सतरा.

मितेश उशीला टेकला. तेवढ्यात तिने धर्माच्या नावावर बोट टेकवलं. ह्या खेळात प्रत्येक ठेंगूच्या मनातलं लिहिलेलं असतं. ते पुसता येत नाही, हे मितेशला माहीत नव्हतं.

तिने मोठ्याने वाचलं. "'ह्या वर्षी त्याला उन्हात नेण्यात आलं. ह्या वर्षी त्याला उंदीर खावा लागला. दोनदा. तो हे कधीही विसरणार नाही.'"

पडवीत फक्त सुपारीची सालं पडत होती.

"पीक कुठे ठेवलं होतंस?"

"वर," मितेश म्हणाला. "माथ्यावर."

"का?"

मितेशने आत्याकडे बघितलं नाही. हे त्याने चांगलं केलं. "मला वाटलं, ओला माल आहे, वाळवून ठेवावा."

"मी सांगितलं," आत्या म्हणाली. सुपारी खाली ठेवली. "त्याचं डोकं न्हाय तेवढं चालत. मी सांगितलं वाळत घाल म्हणून. सोळा झाले असते तर माझ्यामुळं झाले असते. त्याच्यावर धरू नको."

"पहिल्या वर्षी माझे अकरा मेले," किशोरी म्हणाली. "मी पण अळंबी माथ्यावर टाकली होती. बांबू बांधायला बघत होते, बोंबलासारखी टांगता येईल म्हणून. बांबू नव्हते त्यात."

"वारा न्हाय त्या डोंगराला," आत्या म्हणाली.

"तेच. वारा न्हाय."

"आणि फिरवायची सोय न्हाय."

"कायच न्हाय बघा आत्या. खुर्च्या बनवतात नुसत्या."

दोघी मग बराच वेळ त्या खेळ बनवणाऱ्यांबद्दल बोलल्या, ज्यांना कधी काही वाळवावं लागलं नसावं. मितेशने दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. शेवटी विचारलं, "म्हणजे बाबांशी बोलणार का?"

"बघू," किशोरी म्हणाली. "एक सांगते. भेटलास तर उंदराचं काढू नको. त्यांना ठाऊक हाय त्यांच्या नावाचा एक हाय ह्यात. रोज विचारतात, आज काय खाल्लं म्हणून."

आत्याने सुकट तव्यावर टाकली. गुणाजी हाक मारायच्या आधीच पानावर येऊन बसला होता.

किशोरीने वडिलांना मितेशबद्दल सांगून टाकलं होतं, लॅपटॉप आणून द्यायच्या आधीच्या बुधवारी, बोंबील उलटे करताना, आणि त्यांनी प्लॅस्टर कधी निघणार एवढंच विचारलं.