जावयानं पुसलेली काच

आप्पांनी गच्चीवर जाणंच सोडलं होतं. नजरेचा मधला भाग अंधारत गेला, तसे तारेही एकेक करून गेले. "आकाश रिकामं झालं गं," एवढंच ते लेकीला म्हणायचे. ज्या माणसानं पोरीला अक्षरांआधी नक्षत्रं शिकवली, त्याच्या तोंडून हे ऐकवत नाही हो! म्हणून लेकीनं आपलं फोटोंचं दुकान बंद ठेवलं, नवऱ्याला गाडीत कोंबलं आणि दिव्यांपासून लांबचा उंच डोंगर गाठला. मृग नक्षत्राचे फोटो काढायचे आणि आप्पांना टीव्हीवर मोठे करून दाखवायचे, बस्स.

तिनं एका ताऱ्यावर नेमका फोकस धरला, कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील असा लावला आणि कुडकुडत गोधडीत शिरली. फोकसचं कडं हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावतात, तेवढी राहिली. नवरोबांना मात्र कुठलं स्वस्थ बसवतंय? कॅमेऱ्याच्या काचेवर दव दिसलं की उठायचे, मफलरनं पुसायचे आणि पुसता पुसता ते कडं फिरवून ठेवायचे.

सकाळी बघते तर पहिले काही फोटो लख्ख, बाकी सगळ्यांत तारे फुगून वाटाणे झालेले!

"कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?"

"अगं, प्रेमानं पुसलं मी."

"जळलं मेलं तुझं प्रेम!"

घरी तिनं लख्ख फोटोंतला एक टीव्हीवर लावला. तारे सुईच्या टोकाएवढे. आप्पा पडद्याला नाक लावून उभे राहिले. "छान आहे हं," म्हणाले, पाहुण्यांच्या बाळाला म्हणावं तसं. त्यांना काहीएक दिसलेलं नव्हतं.

नवरा टीव्ही बंद करायला गेला आणि त्यानं भलतंच बटण दाबलं. बिघडलेला फोटो आला. काळ्या पडद्यावर बशीएवढाले रंगीत गोल.

"थांब! घालवू नकोस!" आप्पांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं पाहिलं. "हा तांबूस तारा... मृगातला काक्षी. आणि खाली हा निळसर, राजन्य! अगं, डोळे धड होते तेव्हासुद्धा एवढे रंग दिसले नव्हते मला." आप्पा रडत होते आणि हसतही होते. "एवढं मोठं आकाश आणलंस तरी कसं, पोरी?"

तिलाही रडू आवरेना. नवऱ्याबद्दल एवढी माया तिला लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती. तिनं त्याला हाताला धरून पुढे ओढलं.

"मी नाही, आप्पा. तुमच्या जावयानं आणलं."