हरणं खाली का उतरली

“हरणं मारता आली नाहीत म्हणून शिकाऱ्यांना घरी बसवताय, ते कळलं. पण हरणांना त्या डोंगरावरून हाकललं कोणी?”

हा प्रश्न भर सभेत विचारायची पैज मिओ आणि युका या वर्गमैत्रिणींनी नेत्राशी बसमध्येच लावली होती. विचारला तर दोघींनी नेत्राला कोन्बिनीतलं, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातलं, सगळ्यात महाग आइस्क्रीम द्यायचं, नाही विचारला तर नेत्राने दोघींना. डिसेंबर महिना, बाहेर बर्फ भुरभुरतोय, आणि ह्यांची पैज आइस्क्रीमवर! पण त्यामागे गंमत थोडी आणि काळजी मोठी होती. मिओचे आजोबा, ओनोदेरा-सान, गावातल्या शिकारी गटाचे म्होरके. त्या गटाला डोंगर बंद करायचं घाटत होतं, आणि मिओ दोन दिवस शाळेत डबा न उघडता बसली होती.

वर्षभरापूर्वी नेत्रा देवस्थळीला कोणी अशी पैज घातली असती, तर ती स्वच्छतागृहात जाऊन लपली असती. हजेरीला “हो” म्हणायची तेही कॉलरमध्ये. मग सप्टेंबरात शाळेच्या क्रीडा महोत्सवासाठी ओएन्दान, म्हणजे आरोळ्या ठोकून संघाला चेव आणणारं पथक, बनलं. पथकाच्या नायकाचा पाय मोडला, दुसरं कोणी पुढे होईना, आणि नेत्रा कशी कोण जाणे उभी राहिली. पहिली आरोळी ठोकली तेव्हा तिची तीच दचकली. एवढा आवाज इतकी वर्षं होता कुठे? तेव्हापासून ती थांबायचं नाव घेत नव्हती. “हिला म्यूट कुठून करायचं?” असं तिची आई, जयंती, फोनवर पुण्याच्या मावशीला विचारायची.

तर सभा. जपानातल्या सेंदाईपासून बसने तासाभरावरचं त्यांचं गाव, गावाचं सभागृह, दाराशी बुटांच्या रांगा, मध्ये रॉकेलची शेगडी. यामाउची-सान नावाच्या गोडबोल्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हरणं वाढली आहेत. देवदाराच्या रोपांची साल सोलतात, शेतातला कोबी फस्त करतात. आणि शिकारी गटाला या शरद ऋतूत जवळजवळ काहीच मारता आलं नाही. ओनोदेरा-सानांचं वयही झालं, त्यांच्या आजवरच्या श्रमांबद्दल गाव ऋणी आहे. म्हणून एप्रिलपासून उत्तरेचा डोंगर पूर्णपणे गिर्यारोहकांना आणि डोंगरधाव स्पर्धेला खुला. हरणांचं काम बाहेरची कंपनी बघेल.

“काही प्रश्न?” असं ते फाइल मिटता मिटताच म्हणाले.

इथल्या सभेत हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जे ठरायचं ते आधीच घरोघरी चहावर ठरलेलं असतं. ओनोदेरा-सानांकडेही मागच्या आठवड्यात मिठाईचा खोका पोचला होता, आणि त्यांनी होकाराची मान हलवली होती. आता सगळ्यांनी गप्प बसायचं, टाळ्या वाजवायच्या, बूट घालायचे.

नेत्रा उभी राहिली आणि प्रश्न विचारला. माइक नव्हता. लागलाही नाही.

माना वळल्या. कोणाचा तरी चहाचा कप बशीवर वाजला. यामाउची-सान क्षणभर गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. मंचावर त्यांच्या शेजारीच हरणांचे तज्ज्ञ बसले होते. तज्ज्ञ म्हणजे सदानंद देवस्थळी. नेत्राचे बाबा.

“देवस्थळी-सेन्सेई, आपण सांगाल का?”

नेत्राची छाती फुगली. बाबांना तर सगळंच माहीत होतं! सेंदाईतल्या संशोधन संस्थेतर्फे त्यांनी हरणांच्या गळ्यात पट्टे घातले होते, आणि कुठलं हरीण कधी कुठे असतं ते नकाशावर ठिपक्यांनी दिसायचं. गेल्याच आठवड्यात जेवताना त्यांनी लॅपटॉप ताटाशेजारी ठेवून दाखवलं होतं: डोंगरवाट खुली झाल्यापासून शनिवार-रविवारी माणसं वर चढली की ठिपके खाली घसरतात. थेट घरांमागच्या देवराईत, जिथे गोळी झाडायला बंदी. अंधार पडला की पुन्हा वर, कारण सूर्यास्तानंतर बंदूक चालवणं गुन्हा. “बघ नेतू, कसली हुशार आहेत! शिकारी वर थंडीत कुडकुडतायत आणि ही त्यांच्याच परसात रवंथ करतायत.”

बाबांनी माइक घेतला. चष्मा सारखा केला.

“यावर आमचा अभ्यास अजून चालू आहे. आत्ता निष्कर्ष काढणं घाईचं होईल.”

टाळ्या. ओनोदेरा-सान खुर्चीतून अर्धे वळले आणि नेत्राकडे बघून वाकले. आभार मानले त्यांनी! ते बघून तर तिच्या मस्तकात तिडीक गेली.

“आइस्क्रीम तुझं,” मिओ पुटपुटली.

“घाल चुलीत ते आइस्क्रीम.”

रागावली की नेत्रा एरवी जपानीत घसरायची. त्या दुपारी गाडीत बसल्या बसल्या ती मराठीत सुरू झाली, कारण जन्मदात्याला तोंडावर खोटारडा म्हणायची सोय तिला जपानीत सापडेना.

“बाबा, तुम्ही खोटं बोललात.”

“अभ्यास चालू आहे, यात खोटं काय?”

“माझं वरण गार होईपर्यंत ठिपके दाखवलेत मला! तेव्हा नव्हता चालू?”

“हे बघ, तिथे असं बोलत नाहीत. यामाउची-सान मला आधीच भेटून गेले होते. गावाने परवानगी दिली म्हणून हरणांच्या गळ्यात आमचे पट्टे आहेत.”

“आणि हरणांच्याच का? तुमच्याही गळ्यात आहे की एक!”

“नेत्रा, तोंड सांभाळ!” आई स्टिअरिंगवरून ओरडली.

“आई, तू गाडी सांभाळ.”

गाडी घरी पोचली. बाबांनी बूट काढले, कोटसुद्धा न काढता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“मी त्या दिवशी सगळे ठिपके नव्हते दाखवले. आता बघ.”

सप्टेंबर, ऑक्टोबर. नुसते चालणारे लोक आले की ठिपके हळूहळू घसरायचे, एखाददुसरा वरच रेंगाळायचा. पण काही शनिवार वेगळेच होते. सकाळी नऊच्या सुमारास सगळेच्या सगळे ठिपके एकदम सुटले होते, रस्ता ओलांडून, कोबीच्या मळ्यातून. आणि चार-चार दिवस परतले नव्हते.

“वर लाकडी चौथरा आहे ना, डोंगरवाट संपते तिथे,” बाबा म्हणाले. “त्या शनिवारी तिथे काय होतं?”

नेत्राला आठवलं. शाळेच्या मैदानावर ढोल वाजला की समोरच्या इमारतीतून तक्रारीचा फोन यायचा. “डोंगरावर जा, तिथे कोणाला त्रास नाही,” असं सरांनीच सांगितलं होतं. आणि पथक गेलं होतं, तालमीच्या त्या त्या शनिवारी, पहिल्या बसने.

“ओनोदेरा-सानांचा हाका खालून वर येतो,” बाबा सांगत होते. “कुत्री आणि हाकारे दरीतून हरणं उठवतात, बंदूकवाले वर धारेवर दबा धरतात. पूर्वी त्या दिवशी गाव वाटेला दोरी लावायचं. वाट खुली केली आणि दोरी बंद. मग वर तुम्ही पोरं, ढोल, आरोळ्या. हरणं तर उधळलीच, पण मुलं दिसल्यावर शिकारी करणार काय? गोळ्या काढून घेतल्या आणि घरी गेले. दर वेळी.”

“त्यांनी आम्हाला सांगितलं का नाही?”

आणि विचारता विचारताच नेत्राला उत्तर कळलं. ढोलावर मिओ होती. धारेवर हातात रिकामी बंदूक घेऊन उभे असलेले आजोबा, आणि समोर चौथऱ्यावर नातीचा ढोल. ते कशाला बोलतील? गावाने त्यांना ‘वय झालं’ म्हणून काढलं, तरी त्यांनी मान हलवली होती.

“आता सांग,” बाबा म्हणाले, “हा नकाशा मी आज पडद्यावर टाकला असता, तर सगळ्यात आधी कोणाचं नाव निघालं असतं? तुझं! नायक तू होतीस.”

“म्हणजे तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात?”

“थोडंफार.”

“मला विचारलंत?” आता आवाज खरा सुटला, शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या थरथरल्या. “मी चुकले तर मी सांगीन! तुम्ही कोण झाकणारे? वाट खुली केली गावाने, दोरी काढली गावाने, बोंबललो आम्ही, आणि शिक्षा त्यांना? कुत्री द्यायला काढलीत त्यांनी, बाबा! मिओ जेवत नाहीये! आणि तुम्ही म्हणे अभ्यास चालू आहे!”

“नेतू, हळू. शेजारी...”

“येऊ दे फोन शेजाऱ्यांचा!”

आईने गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एरवी ती मध्ये पडली असती. आज तिने फक्त बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी लॅपटॉपकडे.

नेत्राने डोळे बाहीने खसकन पुसले. पाठ ताठ केली, पाय जमिनीत रोवले.

“सोमवारी शाळा सुटली की मी यामाउची-सानांकडे जाणार आहे. मिओला आणि अख्ख्या पथकाला घेऊन. कुठकुठल्या शनिवारी आम्ही वर होतो, ढोल कोणी वाजवला, आरोळ्या कोणी ठोकल्या, सगळं आमच्या तोंडाने सांगणार. आणि दोरी परत लावा म्हणणार. त्यावर ते म्हणतील, हरणं तुमच्यामुळेच पळाली हे कशावरून? तेव्हा बाबा, मी तुमचं नाव सांगणार आहे. तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं ठरलंय.”