अकरा वाफे, एक आई

"मुळासकट उपट की! नुसते शेंडे काय खुडतेस?" रोपवाटिकेसाठी बी गोळा करणारा बीवाला बायकोवर खेकसला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. बिचारी सकाळपासून रोपवाटिकेत मेलेली रोपं वाकून काढत होती. तिचा काय गुन्हा?

आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं होतं. लालगाभ्याचे अकराच्या अकरा वाफे काळे पडून माना टाकून बसले होते. लालगाभा म्हणजे शंभर वर्षांत तयार होणारं लाकूड. तोडून तोडून सगळ्या मुलखात अकरा झाडं उरलेली, तीही वरच्या कड्यावर. खाली पडलेल्या बियांना कीड लागायची, म्हणून बी झाडावर चढूनच काढावं लागे. झाडागणिक वेगळी पिशवी, पिशवीवर झाडाचा नंबर आणि पिशवीगणिक वेगळा वाफा, अशी रीत. आणि चढण्यात बीवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात कड्यावरून रस्ता निघाला. रोपवाटिकेच्या बाईंनी वाफे बघितले. "अकराही आयांची लेकरं आपल्याकडे आहेत, वंश काही बुडत नाही," म्हणाल्या आणि त्या अकरा झाडांच्या तोडीच्या कागदावर सही केली. चार दिवसांत कडा बोडका झाला.

आता त्याच बाई वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या.

"काका, रोग काय आपल्याकडे पहिल्यांदा आलाय? एका आईची लेकरं नाजूक असतात, दुसरीची चिवट. अकरांतला एखादा वाफा तरी तगायला हवा होता. सगळे सारखेच कसे मेले हो?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बीवाला इतके दिवस गप्प बसला होता.

"बाई, अकरा नव्हत्याच. एकच आई," तो म्हणाला. "चार नंबरचं ते वाकडं झाड. जिना चढल्यासारखं चढता यायचं. माझा गुडघा गेला, तेव्हापासून बाकीच्यांवर पाय लटपटायचा. मग त्या एकाचंच बी अकरा पिशव्यांत भरलं आणि नंबर टाकले. म्हटलं, लालगाभा तो लालगाभा, त्यात काय एवढं!"

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कड्याकडे बघत राहिल्या.

"सही तर मीच केली ना, काका," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बायको मातीच्या हातांनी तशीच उभी होती.

"अहो, निदान मला तरी सांगायचं!"

"काय सांगू? बीवाल्याला झाड चढवत नाही म्हणून? लोक हसले असते."

"लोक गेले खड्ड्यात! मी चढले असते की. माहेरी भावांच्या आधी मी शेंड्याला असायचे."

तीस वर्षांच्या संसारात त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं. तो बांधावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"उगी," ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "रडून का झाडं परत येतात?" आणि बोलता बोलता तिचाच बांध फुटला.