संशयी शिक्का आणि बानाबाईचा कागद

मित्रांनो, मला हातात घ्यायचं तर घ्या, पण आधी तुमचे हात दाखवा. राग मानू नका. मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

शहराला औरंगाबाद म्हणत, तेव्हा माझा जन्म गुलमंडीतल्या एका बोळात झाला. बशीरभाई डोळ्याला भिंग लावून एकेक अक्षर उलटं कोरत. त्यांनी मला सागवानी मूठ बसवली आणि न्यायला आलेल्या द्वारकाबाईंना बजावलं, "बाई, इसकू संभालके रखो. लोगां आदमी से ज्यादा ठप्पे कू मानते." ते ऐकून माझी छाती फुगली. आपण कुणीतरी मोठे आहोत असं मला जन्मल्या जन्मल्या वाटलं, आणि मी तिथंच बिघडलो.

द्वारकाबाई उस्मानपुऱ्यात पाळणाघर चालवत. दोन खोल्या, अंगणात कडुलिंब आणि पंचवीस लेकरं. त्यातल्या पुष्कळांचे आईबाप चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात कामाला होते. सहा वर्षांच्या आतल्या मुलांची निम्मी फी कारखाना भरायचा. त्यासाठी दर महिन्याला एक कागद जायचा. त्यावर लेकराचं नाव, आईची किंवा बापाची सही नाहीतर अंगठा, आणि शेवटी माझा ठसा. तो पडला की मदत मंजूर! "वा, काय सुरेख उमटला!" असं द्वारकाबाई म्हणायच्या, आणि त्या कौतुकावर मी महिनाभर जगायचो.

मग कारखान्याचा ड्रायव्हर सांडू यानं घोळ केला. भावाची पोरगी त्यानं आपली म्हणून लिहिली आणि मीही खुशाल उमटलो. पुढं बिंग फुटलं. तेव्हापासून, दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी माझी गत झाली.

अशात बानाबाई आली. ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. मूळची सोयगावकडची. नवरा मल्हारी आठ-आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ, घरात दुसरं कुणी नाही. तिनं सव्वादोन वर्षांच्या फकिराला आमच्याकडं ठेवलं, आणि पहिल्याच दिवशी मला वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. आता तुम्हीच सांगा, पोटच्या पोराला कुणी असं वागवतं का? बाई कमावती, पण पोराच्या अंगात दारोदार मागून आणलेलं ठिगळाचं अंगडं. कुणी "किती गोड आहे हो" म्हटलं, की ही फटकन म्हणे, "कशाचं गोड? उकिरड्यावरचं हाय ते." आणि संध्याकाळी पोर धावत येऊन तिला काय म्हणे, तर 'मावशी'! जन्माचा दाखलाही नव्हता, कारण पोर वस्तीवरच झालेलं. हा दुसरा सांडू, असं मी मनात पक्कं केलं. तिच्या कागदावर मी मुद्दाम फिकट उमटायचो.

सांडूच्या प्रकरणानंतर कारखान्यानं चौकशीला आपले साहेब, नानासाहेब, यांना पाठवलं. मदतीचे सगळे कागद त्यांच्याच सहीनं पुढं जात. शनिवारी लेकरं न्यायची वेळ साधून ते माझ्या टेबलाशी बसले आणि एकेका आईला विचारू लागले, "हे मूल तुमचंच ना?" हो साहेब, हो साहेब, असं चाललं होतं. मग बानाबाईची पाळी आली.

"नाय साहेब," ती म्हणाली. "वच्छलाबाईचं हाय. म्या नुसतं सांभाळते."

मी शाईच्या पॅडवर उडालोच! बघा, मी म्हणत नव्हतो?

"मग आई म्हणून हा अंगठा कुणाचा?" नानासाहेबांनी विचारलं.

"माझाच."

"म्हणजे खोटा दिलात?"

"खोटा कशापायी? अंगठा काय, दाही बोटं उठवून देते. पर तोंडानं म्हणायची नाय."

नानासाहेबांनी तिचा कागद बाजूला काढला. पुढच्या शनिवारी वच्छलाबाईला घेऊन या, तोवर मदत बंद, असं सांगून ते गेले.

पुरी फी भरणं बानाबाईच्या आवाक्याबाहेर होतं. "बाने, मग पोराला ठेवशील कुठं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"घरात कोंडून जाईन. नायतर काम सोडीन," ती म्हणाली. तिनं फकिराचा हात इतका घट्ट धरला होता की पोर कळवळलं. मी मात्र खूश होतो. लबाडी पकडली गेली होती ना!

पुढच्या शनिवारी वच्छलाबाई आली. बानाबाईची गावापासूनची शेजारीण, चार लेकरांची आई. ती कुणाला भिणारी नव्हती.

"साहेब, बानीची तीन लेकरं गेली," तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. "एक नाय, दोन नाय, तीन. हे चौथं झालं तवा पाचवीच्या दिशी तिनं ते सुपात घालून माझ्या दारात ठिवलं. म्या मूठभर कोंडा दिऊन इकत घेतलं. माझी चारी जगली, म्हून मला इकलं. आता पाच वर्सं हुईस्तवर तिनं त्येला माझं म्हणायचं नाय, गोड म्हणायचं नाय, नवं नेसवायचं नाय. काळाला वाटावं, हे कुणाचंच नाय, कशाला न्यावं!"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी लबाडी समजत होतो, ते सगळं एका आईनं लेकराभोवती घातलेलं कुंपण होतं.

नानासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला पटतंय हो. पण सांडूनंही अशीच पटेल अशी गोष्ट सांगितली होती. मला वर जाब द्यावा लागतो. बाईंनी एकदाच तोंडानं म्हणावं, मी लगेच सही करतो."

"नाय," बानाबाई म्हणाली. "मदत बंद करा. चालंल." आणि पोराला कडेवर घेऊन ती निघाली.

"थांब गं!" वच्छलाबाईनं तिचा दंड धरला. लेकरांच्या खाऊची चुरमुऱ्यांची परात तिथंच होती. तिनं परातीपुढं पदर पसरला. "घाल ह्यात मूठभर. म्या इकत घेतलं, आता इकतच माघारी देते."

"अगं, अजून अडीच वर्सं हायती. तुझ्या लेकरांवर आलं म्हंजी?"

"यायचं ते माझ्या एकलीवर यील. पोर दिसभर कोंडून, उपाशी बसलं तर काय जगणार हाय व्हय? घाल म्हणते ना!"

बानाबाईनं घाईघाईनं मूठ भरून पदरात रिकामी केली, निम्मे चुरमुरे खाली सांडले. वच्छलाबाईनं पदराला गाठ मारली आणि म्हणाली, "पोचलं."

बानाबाईनं साहेबाकडं पाहिलं नाही, पोराकडं पाहिलं. आधी ओठांतल्या ओठांत आणि मग मोठ्यानं ती म्हणाली, "माझं हाय. माझ्या पोटचं हाय, साहेब!" आणि तिनं असा हंबरडा फोडला, की फकिरा घाबरून तिच्या कडेवरून उतरला आणि वच्छलाबाईच्या मागं लपला.

नानासाहेबांनी मान खाली घालून सही केली. द्वारकाबाईंनी मला उचललं. मला उमटायची लाज वाटत होती, पण त्या दिवशी मी अगदी ठळक उमटलो.

फकिरा जगला. वच्छलाबाईची चारही लेकरं सुखरूप राहिली. पण बानाबाईला हे आधी कुठं ठाऊक होतं? पुढची अडीच वर्षं पोराला साधी शिंक आली, तरी ती रात्रभर त्याच्या उशाशी जागत बसायची.

आता पाळणाघर बंद झालंय, माझं रबर तडकलंय. मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी टेबलामागं बसेल, कुणाच्या हातात शिक्का येईल. मदत मागायला आलेल्या माणसाला जरूर विचारा, विचारावंच लागतं. पण आधी त्याला बसा म्हणा, त्याचं सगळं ऐकून घ्या, आणि ऐकायच्या आधीच त्याला चोर ठरवू नका. मी ठरवलं होतं.

त्या शनिवारनंतर नानासाहेब पुन्हा कधी आले नाहीत. बानाबाई मात्र दर महिन्याला कागद घेऊन येई. तिला कुणी काही विचारत नसे. तरी ती उंबऱ्यातूनच हात जोडून म्हणे, "माझं हाय, साहेब. माझंच हाय."

खोलीत साहेब नसे. टेबलावर फक्त मी असे.