सहा रिकामे पाळणे

विलर मडमच्या पायाला भिंगरी होती. अमेरिकेहून दोन वर्षांसाठी सोलापुरात सेवा करायला आलेली ही तिशीची बाई चहा उभ्यानं प्यायची, प्रार्थना चालता चालता करायची आणि रविवारी उपदेश लांबला की बाकावर बसल्या बसल्या पाय हलवायची. गिरणीमागच्या चाळीतल्या बायकांनी तिला ‘पळती मडम’ असं नाव ठेवलं होतं. नावं ठेवण्यात आमच्या बायकांचा हात कोण धरणार!

मडमच्या मागे पळायचं काम तानाबाईकडे होतं. तानाबाई पूर्वी त्याच गिरणीत कामाला होती. सहा वर्षांपूर्वी तिनं बाप्तिस्मा घेतला आणि ती मिशनच्या चाकरीत आली. मडम मराठी शिकली होती ती एका शास्त्रीबुवांकडून. चाळीच्या तोंडाशी उभी राहून ती म्हणायची, “भगिनींनो, आपली बालके घेऊन या.” भगिनी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग तेच तानाबाई चाळीच्या भाषेत सांगायची.

सांगायचं होतं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. पहाटेचा भोंगा झाला की आया तान्ह्या पोरांना तिळाएवढी अफूची गोळी चाटवायच्या, खोलीच्या कोपऱ्यात निजवायच्या आणि कामावर जायच्या. पोर दिवसभर निपचित पडून राहायचं. एखादं उठायचंच नाही. मडमनं पहिल्याच महिन्यात हे पाहिलं आणि ती तडक मिशनच्या मोठ्या साहेबाकडे गेली. चाळीला लागून असलेली एक लांबोडकी खोली मिळवली, सुताराकडून सहा पाळणे करून घेतले, निळा रंग दिला, आढ्याच्या कड्यांना टांगले. आयांनी कामावर जाताना पोर इथं ठेवायचं, मधल्या सुट्टीत येऊन पाजायचं. गोळीची गरजच नाही.

महिना झाला, एक पोर आलं नाही. साहेबानं सांगून टाकलं, शनिवारपर्यंत पाळणे भरले नाहीत तर खोली शिवणाच्या वर्गाला द्यायची.

बायका खिडकीपर्यंत यायच्या, नाही असं नाही. काखेत पोर घेऊन गजांतून आत बघायच्या. त्या दिसल्या रे दिसल्या की मडमच्या अंगात वारं शिरायचं. ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन एकेका पाळण्याला झोका द्यायची. बघा, किती हलका, किती छान हलतो! सहाही पाळणे करकरत हलायला लागायचे आणि बायका पोराच्या तोंडावर पदर ओढून निघून जायच्या. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, अशी गत. मडम आणखी जोरानं झोका द्यायची. कुणी नसलं तरी येता-जाता हात लावायचीच. तिची पाठ वळली की तानाबाई मागून एकेक पाळणा धरून थांबवायची.

गुरुवारी नळावर बजाबाईनं तिला गाठलं. बजाबाईची पोर चार महिन्यांची होती.

“तानाबाई, एक इचारू? तुमची मडम रिकामा पाळना का हलवती? कुनाच्या लेकराचं वाईट चितती व्हय ती?”

“न्हाय गं. तिला ठावं न्हाय.”

“मग तुमी सांगा की!”

सांगा की! सांगणं एवढं सोपं असतं तर तानाबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं? मागच्या वर्षी तिनं शेजारणीच्या पोराची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, तर पाद्रीबाबांनी तिला भर मंडळीत उभं करून विचारलं होतं, “तुझा विश्वास प्रभूवर की मोहरीवर?” त्या दिवशी खाली गेलेली मान अजून वर झाली नव्हती. आता पाळण्याचं काढलं तर नोकरी जाईल, आणि मिशनखेरीज तिला कुणी उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या करकरीनं तिचा स्वतःचाच जीव घाबरा व्हायचा. रात्रंदिवस तोच आवाज कानात. भाकरी करपायची, झाडलेली खोली ती पुन्हा झाडायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शुक्रवार उजाडला. हातात एकच दिवस उरला होता. खिडकीत कुणी नव्हतं, तरी मडम पाळण्यांच्या रांगेतून येरझाऱ्या घालत होती. जाताना झोका, येताना झोका. तानाबाईनं हातातली केरसुणी टाकली आणि पुढचा पाळणा दोन्ही हातांनी गच्च धरला.

“हलवू नका!”

मडम चपापली. “का?”

“रिकामा हाय.”

“म्हणूनच हलवते. त्यात बालक असते तर मी हळू हलवला असता.”

“रिकामा पाळना हलवू नये, मडमसाहेब. लेकराला बादतं. बाया म्हनून येत न्हाईत.”

मडमचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. “तानाबाई, तुम्ही ख्रिस्ती आहात. पाळणा लाकडाचा आहे. लाकूड कोणाचे वाईट करीत नाही.”

“व्हय. लाकूड काय करनार?” तानाबाईचे हात पाळण्यावरून सुटले नाहीत. “माजी पोर आठ म्हयन्यांची हुती. मीच गोळी दिली आन् कामावर गेले. सांजच्याला आले तर गार पडली हुती. तिला मातीला देऊन आल्यावर मी तिचा पाळना हलवत बसले. आठ दिस. समद्या चाळीनं बगितलंय मला. रिकामा पाळना कोन हलवतं ते त्यास्नी ठावं हाय. तुमास्नी न्हाय.”

एवढ्या दिवसांचं साचलेलं बाहेर पडलं. आता आपली गठडी बांधायची, असंच तिला वाटलं.

मडमला सगळे शब्द कळले असतील-नसतील. ती उरलेल्या पाळण्यांकडे गेली आणि तळहात टेकवून एकेक थांबवत आली. करकर बंद झाली.

“मला क्षमा करा,” ती म्हणाली. “आता मी काय करू?”

“काय बी करू नका. बसा.”

आणि मडम बसली. जमिनीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिला ते किती जड जात होतं ते दिसत होतं.

दुपारी दोघींनी पाळणे उतरवून मागच्या पडवीत ठेवले. नुसत्या कड्या राहिल्या. संध्याकाळी तानाबाई बजाबाईच्या दारात गेली. म्हणाली, “पाळने काडले. तुजं लुगडं घिऊन ये. तूच झोळी बांद, जाताना तूच सोड. मागं रिकामं काय बी ऱ्हायचं न्हाय.”



शनिवारी भोंग्याच्या आधी बजाबाई आली. पोर कडेवर, जुनं लुगडं खांद्यावर. तिनं कडीला झोळी बांधली, तीनदा ओढून बघितली, पोर आत निजवली. “आज गोळी दिली न्हाय,” ती तानाबाईला म्हणाली, “तुमच्या भरवशावर.” आणि मागं बघत बघत गेली.

तास गेला नाही तोच पोरीनं जे भोकाड पसरलं, ते खोलीत मावेना. मडमनं दूध पाजून बघितलं, इंग्रजी गाणं म्हटलं, खांद्यावर घेऊन शंभर फेऱ्या घातल्या. तिच्या पायांना त्या दिवशी पहिल्यांदा खरं काम मिळालं. आवाज ऐकून चाळीतली सुंदरम्मा काखेत आपलं पोर घेऊन दाराशी आली आणि उंबऱ्यावरच टेकली.

“ही आजारी आहे का?” खांद्यावरच्या पोरीला थोपटत मडमनं घामाघूम होऊन तानाबाईला विचारलं. “आईला बोलावू?”

“न्हाय, मडमसाहेब. बरी हाय,” तानाबाई म्हणाली.

मधल्या सुट्टीत बजाबाई धावतच आली. तिची चोळी पुढून भिजली होती आणि आवाज रस्त्यावरूनच ऐकू आल्यानं ती कानकोंडी झाली होती.

“लई तरास दिला का हो?”

तानाबाईनं लालबुंद झालेली, हातपाय झाडणारी ती पोर तिच्या हातांत दिली.

“रडली,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं तिला सुचत नव्हतं. “सकाळधरनं रडती हाय, बजा. डोळ्याला डोळा न्हाय लावला तिनं. लई रडली गं पोर तुजी.”